वळिवड्यातलं पोलिश गाव

शिवाजी पेठेत लग्न ठरलं की घरातली माणसं बस्ता बांधायला गांधीनगरला निघतात. बिंदू चौक, स्टेशन, तावडे हॉटेलचा फाटा, उचगाव, आणि मग घाऊक कापड दुकानांच्या रांगाच्या रांगा. साडी, शालू, टॉवेल-टोपी, पाहुण्यांचे आहेर, सगळं एका दिवसात उरकतं. ही बाजारपेठ फाळणीनंतर आलेल्या सिंधी कुटुंबांनी उभी केली, एवढं पेठेत बहुतेकांना ठाऊक असतं. पण ही कुटुंबं आली तेव्हा जमीन मोकळी नव्हती. बराकी उभ्या होत्या, रस्ते आखलेले होते, शाळा आणि दवाखान्याच्या इमारती होत्या. हे सगळं ज्यांच्यासाठी बांधलं होतं ती माणसं नुकतीच निघून गेली होती.

ती पोलंडची माणसं होती. १९४३ पासून १९४८ च्या सुरुवातीपर्यंत वळिवड्याच्या माळावर सुमारे पाच हजार वस्तीचं एक पोलिश गाव नांदत होतं. त्या काळी कोल्हापूर शहराची लोकसंख्या अजून लाखाच्या आत होती, यावरून ही वस्ती शेजाऱ्यांना केवढी वाटली असेल ते कळतं. त्यात कर्ते पुरुष फार थोडे; बहुतेक बायका, मुलं आणि म्हातारे. चर्चमध्ये, शाळेत, बाजारात आणि मुलांच्या भांडणात भाषा एकच, पोलिश.

कोल्हापूरच्या इतिहासात राजाराम महाराज, शाहू महाराज, प्रजापरिषद, चित्रपट, कुस्ती यांवर कितीतरी लिहिलं गेलं. या गावावर फारच थोडं. ही उणीव मला मनापासून बोचते, कारण ही गोष्ट पोलंडइतकीच करवीरची आहे.

ती सुरू होते मात्र फार दूर. १ सप्टेंबर १९३९ ला हिटलरचं सैन्य पश्चिमेकडून पोलंडमध्ये घुसलं आणि १७ सप्टेंबरला स्टालिनचं पूर्वेकडून. दोघांनी देश वाटून घेतला. पूर्वेकडचा वाटा सोव्हिएत संघाला गेला: विल्नो, ल्वूफ, तार्नोपोल, वोविन, पोलेसी हे मुलूख. पुढे वळिवड्याला आलेली बहुतेक कुटुंबं या भागातली. शेतकरी, वनरक्षक, शिक्षक, रेल्वेतले नोकर, आणि पहिल्या महायुद्धानंतर सैन्यातल्या सेवेबद्दल जमिनी मिळालेले माजी सैनिक. नव्या सत्तेला यांतलं कोणीही तिथे नको होतं.

१० फेब्रुवारी १९४० च्या पहाटे, कडाक्याच्या थंडीत, हजारो दारं एकाच वेळी ठोठावली गेली. आवराआवरीला कुठे अर्धा तास, कुठे त्याहून थोडा जास्त. गुरांच्या वाहतुकीच्या डब्यांत माणसं भरली गेली आणि गाड्या उत्तरेला आर्खांगेल्स्ककडे, पूर्वेला सायबेरियाकडे निघाल्या. एप्रिलमध्ये दुसरी लाट आली. ती होती अटकेत असलेल्या अधिकाऱ्यांच्या आणि सरकारी नोकरांच्या बायकामुलांची, आणि त्यांना कझाकस्तानच्या गवताळ पठारावर नेऊन सोडलं. त्याच एप्रिल-मे महिन्यांत कातिनच्या जंगलात आणि इतर ठिकाणी सुमारे बावीस हजार पोलिश कैद्यांना गोळ्या घालून मारण्यात आलं. कझाकस्तानात पोचलेल्या कित्येक बायका विधवा झाल्या होत्या आणि त्यांना ते माहीत नव्हतं. जून १९४० आणि जून १९४१ मध्ये आणखी दोन लाटा आल्या. सोव्हिएत कागदपत्रांप्रमाणे या चार लाटांत सव्वातीन लाखांच्या आसपास माणसं हलवली गेली. निर्वासितांच्या पिढीने धरलेला आकडा याच्या कितीतरी पट होता.

१९३९-४० च्या त्याच हिवाळ्यात सोव्हिएत सैन्याने फिनलंडवरही हल्ला केला होता. कारेलिया प्रांत गेला आणि चार लाखांहून अधिक फिनिश लोकांना गावं सोडून मागे यावं लागलं. त्यांचं दुःख लहान नव्हतं, पण मागे सरकायला त्यांना स्वतःचा देश होता, स्वतःची भाषा बोलणारी नवी गावं होती. पोलिश कुटुंबांना तो आधारही नव्हता. त्यांना पुढे जे फिरावं लागलं ते अर्ध्या आशिया खंडातून.

जंगलतोड, सामुदायिक शेतं, उपासमार, टायफस. असं जवळजवळ दीड वर्ष गेलं. मग २२ जून १९४१ ला हिटलर स्टालिनवरच उलटला आणि एका रात्रीत शत्रू-मित्र बदलले. लंडनमध्ये पोलंडचं परागंदा सरकार होतं आणि जनरल सिकोर्स्की त्याचे पंतप्रधान होते. ३० जुलैला त्यांनी मॉस्कोशी करार केला. हद्दपार पोलिश लोकांना ‘माफी’ जाहीर झाली, आणि तुरुंगातून नुकत्याच सुटलेल्या जनरल अँडर्स यांच्या हाताखाली सोव्हिएत भूमीवर पोलिश सैन्य उभं करायचं ठरलं. गुन्हा केलेला नसताना माफी कसली, हा प्रश्न त्या लोकांनी जन्मभर विचारला. पण दार किलकिलं झालं होतं. बातमी जिथे जिथे पोचली तिथून माणसं निघाली: लाकडी ओंडक्यांच्या तराफ्यांवरून, मालगाड्यांतून, पायी, दक्षिणेला, उझबेकिस्तानच्या दिशेने, सैन्याच्या छावण्यांकडे. वाटेत किती मुलं गेली याची मोजदाद कुणाकडे नाही.

१९४२ च्या मार्च-एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये कास्पियन समुद्रावरून जहाजं भरभरून ही माणसं इराणच्या पहलवी बंदरात उतरली. सैनिक आणि नागरिक मिळून सुमारे १,१५,०००. त्यांतले ३७,००० च्या आसपास नागरिक. अँडर्सनी सैन्याबरोबर बायकामुलांनाही बाहेर काढण्याचा हट्ट धरला, म्हणून हे घडलं. रेशन सैनिकांपुरतं मिळत होतं आणि ते वाटून खाल्लं जात होतं. या माणसाच्या लष्करी निर्णयांवर वाद होत राहतात, पण या एका हट्टाबद्दल मला त्याच्याविषयी अपार आदर आहे.

इराणमध्ये इतकी माणसं ठेवणं अवघड होतं. मग ती जगभर वाटली गेली. टांझानिया आणि युगांडाच्या परिसरात, मेक्सिकोत सांता रोसाला, न्यूझीलंडमध्ये पाहियातुआला. आणि हिंदुस्थानात. इथे पहिली आली ती अनाथ मुलं, १९४२ मध्ये, अश्गाबादहून मशहद, झाहेदान, क्वेट्टा अशा खडतर खुश्कीच्या वाटेने. नवानगरचे जामसाहेब दिग्विजयसिंहजी यांनी जामनगरजवळ बालाचडी इथे त्यांच्यासाठी निवारा उभारला. मुंबईत पोलंडचे कॉन्सल जनरल होते एउगेनिउश बानासिन्स्की. त्यांच्या पत्नी कीरा बानासिन्स्का पोलिश रेडक्रॉसचं काम पाहत होत्या. मुलांसाठी औषधं, कपडे आणि वाहनं जमवण्यापासून सरकारी दारं ठोठावण्यापर्यंत या बाईंनी जे केलं त्याला तोड नाही. युद्ध संपल्यावर हे दांपत्य साम्यवादी पोलंडला परतलं नाही, भारतातच राहिलं.

बालाचडी मुलांसाठी होती. कुटुंबांसाठी मोठी आणि टिकाऊ जागा हवी होती. ती मिळाली कोल्हापूर संस्थानात, शहराच्या पूर्वेला आठएक किलोमीटरवर. हवा उत्तर हिंदुस्थानाच्या मानाने सौम्य, पंचगंगेचं पाणी जवळ, आणि मिरज-कोल्हापूर रेल्वेवर वळिवडे हे स्टेशनच होतं. १८९१ मध्ये सुरू झालेली ही लाईन तेव्हा मीटरगेज होती. रुकडीचा पूल ओलांडला की पुढचा थांबा वळिवडे.

इथे एका गोष्टीचा नीट निवाडा करायला हवा. ‘कोल्हापूरच्या महाराजांनी पोलंडच्या निर्वासितांना आसरा दिला’ असं वाक्य भाषणांत सर्रास येतं आणि त्यामागे बालाचडीच्या जामसाहेबांची गोष्ट नकळत मिसळलेली असते. जामसाहेबांनी स्वतः पुढाकार घेतला होता. कोल्हापुरात त्या वेळी पुढाकार घेण्याच्या वयाचे छत्रपतीच नव्हते. राजाराम महाराज नोव्हेंबर १९४० मध्ये वारले. १९४२ मध्ये दत्तक घेतलेले शिवाजी महाराज तेव्हा तान्हे होते, आणि राणीसाहेब ताराबाई यांच्या रीजन्सीखाली कारभार चालू होता. छावणीचा निर्णय हिंदुस्थान सरकारचा, बांधकाम त्या सरकारचं, रोजचा खर्च लंडनमधल्या पोलिश सरकारचा. जमीन कोल्हापूर संस्थानातली. आणि शेजार करवीर तालुक्यातल्या खेड्यांचा आणि कोल्हापूर शहराचा. श्रेय असं वाटून दिलं म्हणून कोल्हापूरचं काही कमी होत नाही. उलट त्यामुळे लोकांच्या वाट्याचं श्रेय लोकांना मिळतं. पाच हजार परकी माणसांशेजारी पाच वर्षं सुखाने राहणं कुणाच्या हुकमाने होत नाही.

१९४३ च्या पावसाळ्याच्या तोंडाला पहिली कुटुंबं आली. इराणहून जहाजाने कराची, तिथल्या तात्पुरत्या तंबूंतले काही आठवडे किंवा महिने, आणि मग वळिवडे. समोर दिसल्या सरळ रांगांत उभ्या लांबलचक बराकी. दगडी जोतं, बांबूच्या तट्ट्यांच्या भिंती, वर कौलं, पुढे व्हरांडा. प्रत्येक कुटुंबाला खोल्या आणि स्वयंपाकाची जागा. आपल्याला हे साधं वाटेल. पण या बायका तीन वर्षं बराकींच्या कोपऱ्यात, मातीच्या खोपटांत, तंबूत आणि गोदामांत झोपल्या होत्या. त्यांना स्वतःचं दार मिळालं, आणि महिन्याचा ठराविक भत्ता मिळाला, ज्यातून बाजार करून स्वतःच्या चुलीवर स्वतःचं अन्न शिजवता येत होतं. निर्वासितांच्या छावण्यांत सहसा सामुदायिक भटारखाना असतो आणि माणूस वाडगा घेऊन रांगेत उभा राहतो. वळिवड्यात ज्यांनी चुली वेगळ्या ठेवल्या त्यांना माणसाच्या मानाची कदर होती.

काही महिन्यांतच छावणीचं गाव झालं. वस्तीचे विभाग पडले. रस्त्यांना पोलिश नावं मिळाली. चर्च उभं राहिलं, दवाखाना, पोस्ट, अग्निशामक दल, नाट्यगृह, सिनेमा, अनाथाश्रम. बराकींपुढे फुलझाडं आणि भाजीचे वाफे लागले. मुंबईहून कॉन्सुलेटचं ‘पोलाक व इंदियाख’ हे पोलिश नियतकालिक येत असे. छावणीचा प्रमुख पोलिशच होता, ब्रिटिश अधिकारी देखरेखीला. क्षयाची बाधा झालेल्यांना पाचगणीच्या हवेत पाठवलं जाई.

सगळ्यात जास्त जीव ओतला गेला तो शाळांमध्ये. बालवाडी, प्राथमिक शाळा, माध्यमिक, त्यावरचं लिसेयम, आणि हाताला काम देणारे वर्ग. या मुलांची दोन-तीन वर्षं बुडाली होती. बारा वर्षांच्या मुलाला लिहिता येत नव्हतं, किंवा फक्त रशियन अक्षरं येत होती. पुस्तकं नव्हती. शिक्षक कमी होते, आणि जे होते ते स्वतः अर्धपोटी प्रवास करून आलेले. तरी पोलिश इतिहास, पोलिश कविता, लॅटिन, गणित, पोलंडचा भूगोल, सगळं शिकवलं गेलं. ज्या देशाच्या सीमा त्या क्षणी नकाशावर नव्हत्या त्याच्या नद्या आणि डोंगर करवीरच्या माळावर पाठ होत होते. सोव्हिएत शाळांत ज्या गोष्टी पुसून टाकायचा प्रयत्न झाला होता त्या इथे निर्वेधपणे पुन्हा लिहिल्या जात होत्या. मला विचाराल तर या वस्तीचं खरं मोल इथे आहे. अन्न आणि छप्पर आणखी कुठेही मिळालं असतं. आपल्या पद्धतीने वाढण्याची मोकळीक मिळणं दुर्मीळ होतं, आणि ती इथे मिळाली. मराठी शिका, इंग्रजी बोला, आमच्यासारखे व्हा, असा आग्रह कुणी धरला नाही.

शाळेनंतर स्काउट. पोलंडमध्ये स्काउट चळवळीला राष्ट्रीय चळवळीचीच धार आहे. तिला सांभाळायला सैन्यातून आलेल्यांत एक तरुण अधिकारी होता, झ्दिस्वाव पेश्कोव्स्की. कोझेल्स्कच्या ज्या कैदछावणीतून अधिकाऱ्यांना कातिनला नेऊन मारलं, तिथून वाचलेल्या मोजक्यांपैकी तो एक. वळिवड्याच्या मुलांना घेऊन तो पदभ्रमण करायचा, शेकोट्या पेटवायचा, गाणी शिकवायचा. यांतल्या कित्येक मुलांचे वडील त्याच्याबरोबरचे कैदी होते. पुढे तो धर्मगुरू झाला आणि कातिनमध्ये मारल्या गेलेल्यांच्या स्मृतीसाठी त्याने उरलेलं आयुष्य वेचलं.

वान्दा दिनोव्स्का यांचाही या मुलांशी असाच संबंध होता. या पोलिश विदुषी १९३५ मध्ये भारतात आल्या, गांधीजींच्या सहवासात आल्या, आणि उमादेवी या नावाने ओळखल्या जाऊ लागल्या. पोलिश मुलांना भारत समजावून सांगणं त्यांना आपलं काम वाटलं. मॉरिस फ्रिडमन यांच्यासोबत त्यांनी १९४४ मध्ये पोलिश-भारतीय ग्रंथमाला सुरू केली आणि भारतीय ग्रंथ पोलिशमध्ये आणले. हे फ्रिडमन म्हणजे स्वामी भारतानंद. वॉर्सात जन्मलेले ज्यू इंजिनिअर. औंधच्या राजांनी, बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी, १९३९ मध्ये आपल्या प्रजेला जे स्वराज्याचं संविधान दिलं त्याच्या घडणीत गांधीजींच्या बरोबरीने या फ्रिडमनचा हात होता. म्हणजे पोलिश निर्वासितांची गाडी वळिवड्याला लागण्याच्या चार वर्षं आधी, शेजारच्या सातारा भागातल्या एका छोट्या संस्थानात एक पोलिश माणूस मराठी खेड्यांच्या पंचायतींचा आराखडा करत होता. दक्षिण महाराष्ट्र आणि पोलंड यांच्यातला हा धागा कुणीतरी सलग लिहायला हवा.

वळिवड्याच्या वेशीबाहेर त्या वर्षांत काय चाललं होतं? १९४२ ची चळवळ पेटलेली होती. कोल्हापुरात प्रजापरिषदेचे माधवराव बागल, रत्नाप्पा कुंभार अशी माणसं तुरुंगात किंवा भूमिगत होती. शेजारी सातारा-सांगली भागात नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं. शहरात गव्हर्नर विल्सनच्या पुतळ्यावर क्रांतिकारकांनी हल्ले केले, तो फोडला गेला, आणि त्या जागी १९४५ मध्ये भालजी पेंढारकरांच्या पुढाकाराने शिवछत्रपतींचा पुतळा उभा राहिला. अशा तापलेल्या काळात इंग्रज सरकारने आणून वसवलेली गोरी माणसं शेजारी आहेत. त्यांच्याकडे संशयाने पाहणं सोपं होतं. पण पोलिश लोकांच्या आठवणी वाचल्या तर कोल्हापूरकरांविषयी कटुता शोधूनही सापडत नाही. मला वाटतं, लोकांना फरक कळला होता. ही गोरी माणसं हुकूम सोडत नव्हती. ती स्वतः पाणी भरत होती, कपडे धूत होती, बाजारात घासाघीस करत होती. आणि त्यांचाही देश दुसऱ्याने घेतला होता. अशा माणसाशी कोल्हापूरचं मन पटकन जुळतं.

ओळख वाढली ती बाजारातून. आसपासच्या खेड्यांतून भाजी, दूध, अंडी, कोंबड्या घेऊन माणसं छावणीत जात. दुकानदारांनी तिथे दुकानं थाटली आणि धंद्यापुरती पोलिश भाषा पटापट उचलली. मुलांनी मराठी शब्द उचलले. कोल्हापुरात यायचं म्हणजे दोन स्टेशनांचा प्रवास किंवा टांगा. रंकाळा, राजवाडा, अंबाबाईच्या देवळाभोवतीची गर्दी, सिनेमागृहं. ज्या शहरात १९२९ मध्ये ‘प्रभात’ फिल्म कंपनी जन्मली तिथे सिनेमाला तोटा नव्हता. पंचगंगेत पोहणं, पावसाळ्यातला चिखल, विंचू, साप आणि आंबे या गोष्टी त्या मुलांच्या आठवणीत म्हातारपणापर्यंत राहिल्या. काही पोलिश मुलींनी इथेच लग्नं केली, कोल्हापूरच्या सुना झाल्या आणि मराठी संसारात आयुष्य काढलं. शिवाजी पेठेला बाहेरच्या मुलखातल्या मल्लाला आपल्या तालमीच्या लाल मातीत उतरवण्याची सवय आहे. शाहू महाराजांनी १९०१ पासून बोर्डिंगं काढून नाना जातिधर्मांच्या मुलांना शहरात राहायला जागा दिली तेव्हापासून कोल्हापुराला परक्याचं अप्रूप वाटतं, भीती वाटत नाही. वळिवड्याचा शेजार या पार्श्वभूमीवर पाहिला पाहिजे.

त्या गावात सण जोरात होत, लोकनृत्यं होत, ३ मे हा संविधान दिन साजरा होई. पण गावाचा खरा श्वास टपालात अडकलेला होता. नवरे, भाऊ, वडील अँडर्सच्या सैन्यात होते. इराक, पॅलेस्टाइन, इजिप्त करत ते सैन्य इटलीत उतरलं. १८ मे १९४४ ला मोंते कासिनोच्या उद्ध्वस्त मठावर पोलिश निशाण फडकलं. त्याची किंमत वळिवड्याला तारांनी कळली. त्याच इटलीत, त्याच ब्रिटिश आठव्या सैन्यात, पाचवी मराठा लाईट इन्फंट्री लढत होती. माणगाव तालुक्यातले यशवंत घाडगे जुलै १९४४ मध्ये तिथे पडले, नामदेव जाधवांनी एप्रिल १९४५ मध्ये सेनिओ नदीवर जखमी सोबत्यांना ओढून आणलं; दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. वळिवड्याच्या एखाद्या पोलिश बाईला आणि आसपासच्या खेड्यातल्या एखाद्या मराठी आईला इटलीहून येणाऱ्या पत्राची सारखीच धास्ती होती.

वाईट बातम्या पहिल्यापासून होत्या. छावणी वसत होती त्याच सुमाराला, एप्रिल १९४३ मध्ये, कातिनच्या सामुदायिक कबरी उघड झाल्या. ४ जुलैला सिकोर्स्की जिब्राल्टरजवळ विमान अपघातात गेले. १९४४ च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत वॉर्साचा उठाव चालला आणि चिरडला गेला. पण घाव बसला तो मित्रांकडून. फेब्रुवारी १९४५ मध्ये याल्टाला चर्चिल, रूझवेल्ट आणि स्टालिन यांनी पूर्व पोलंड सोव्हिएत संघालाच देऊन टाकला. वळिवड्यातल्या बहुतेक घरांचं गाव, शेत, अंगण, थडगी आता दुसऱ्या देशात होती. ज्यांच्या माणसांनी कासिनोवर रक्त सांडलं त्यांनी युद्ध जिंकलं आणि घर गमावलं. ५ जुलै १९४५ ला ब्रिटन आणि अमेरिकेने लंडनच्या पोलिश सरकारची मान्यता काढून वॉर्सातल्या साम्यवादी सरकारला दिली. वळिवड्याचा खर्च ज्या सरकारच्या नावावर चालला होता ते सरकार कागदोपत्री उरलंच नाही.

पुढची अडीच वर्षं अधांतरी गेली. छावणीचा भार मित्रराष्ट्रांच्या ‘अन्रा’ या मदतसंस्थेकडे गेला. परत जा, असा आग्रह होऊ लागला, पण सायबेरिया पाहून आलेल्यांपैकी फार थोडे त्याला तयार झाले. १९४६ मध्ये बालाचडी बंद झाली आणि तिथली मुलं वळिवड्याला आली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कोल्हापूरचे बाल छत्रपती शिवाजी वारले आणि संस्थान पुन्हा दुःखात बुडालं. १९४७ मध्ये ब्रिटनने पोलिश सैनिकांच्या पुनर्वसनाचा कायदा केला, त्यामुळे ज्यांचे पुरुष त्या सैन्यात होते त्यांना इंग्लंडची वाट मिळाली. बाकीचे पांगले: काही पूर्व आफ्रिकेतल्या छावण्यांत, काही पुढे ऑस्ट्रेलिया, कॅनडा, अमेरिकेत. १५ ऑगस्ट १९४७ ला तिरंगा फडकला तेव्हा वळिवड्यात पोलिश माणसं होती, आणि ज्या देशाने त्यांना ठेवून घेतलं तो मोकळा होताना त्यांनी पाहिला. १९४८ च्या सुरुवातीच्या महिन्यांत गाव रिकामं झालं.

तोवर सिंध सोडून निघालेली कुटुंबं मुंबई इलाख्यात पोचत होती. वळिवड्याच्या बराकी त्यांना दिल्या गेल्या. ३० जानेवारी १९४८ ला गांधीजींचा खून झाला होता; त्यानंतरच्या जाळपोळीत कोल्हापूरही होरपळलं, भालजींचा जयप्रभा स्टुडिओ त्यात जळाला. नव्या वस्तीला नाव मिळालं गांधीनगर. १ मार्च १९४९ ला कोल्हापूर संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. ज्या खोल्यांत पोलिश बायकांनी पाच वर्षं संसार केला त्याच खोल्यांत सिंधी बायकांनी चूल मांडली, आणि व्हरांड्यांत कापडाचे गठ्ठे आले. यानंतरचं गांधीनगर सगळ्यांना दिसतंच.

गेलेली माणसं कोल्हापूरला विसरली नाहीत. ‘असोसिएशन ऑफ पोल्स इन इंडिया’ ही त्यांची संघटना लंडनमध्ये उभी राहिली, तिची संमेलनं होत राहिली, आणि तिने आठवणी व कागदपत्रांचा एक जाडजूड ग्रंथ आधी पोलिशमध्ये व मग इंग्रजीत काढला. १९९८ मध्ये कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचं कृतज्ञता स्मारक उभं राहिलं. इथल्या ख्रिस्ती दफनभूमीतल्या सत्तरहून अधिक पोलिश कबरींची २०१४ मध्ये डागडुजी झाली. नोव्हेंबर २०१७ मध्ये वॉर्सात कोल्हापूरच्या नावाचं स्मारक झालं, मोंते कासिनोच्या स्मारकाजवळच. २०२४ च्या ऑगस्टमध्ये भारताच्या पंतप्रधानांनी तिथे पुष्पचक्र वाहिलं. सप्टेंबर २०१९ मध्ये वळिवड्यात स्मृतिस्तंभाचं अनावरण झालं, तेव्हा ऐंशी-नव्वदीतले काही जुने रहिवासी पोलंडहून आणि इतर देशांतून आले होते. लहानपणी जिथे खेळले ती जागा ते नातवंडांना दाखवत होते.

पोलिश बाजूने इतकं लिहिलं गेलं, जपलं गेलं. आपली बाजू कोरी आहे. छावणीला दूध घालणारे गवळी, भाजी नेणाऱ्या वळिवडे-उचगावच्या बायका, दवाखान्यात हाताखाली काम करणारी माणसं, टांगेवाले, दुकानदार, यांच्या आठवणी कुणी वेळेवर टिपून घेतल्या नाहीत. संस्थानी दप्तर मात्र कोल्हापूरच्या पुराभिलेखागारात आहे. रीजन्सी काळातल्या जमिनी, रेल्वे, पाणीपुरवठा, पोलीस आणि बाजार यांच्या फायली चाळायला हव्यात. घराघरांत असलेले फोटो, पावत्या, एखादी पोलिश बाई जाताना देऊन गेलेली सुई-दोऱ्याची पेटी किंवा भरतकाम, यांची नोंद व्हायला हवी. त्या काळी दहा-बारा वर्षांचं असलेलं मूल आज नव्वदीच्या पुढे आहे. गांधीनगरात मूळच्या काही बराकी अजून तग धरून आहेत, त्यांवर पत्रे चढलेत आणि तट्ट्यांच्या जागी विटा आल्यात. त्यांतली निदान एक तरी, जोत्यासकट आणि कौलांसकट, पूर्वी होती तशी राखून ठेवण्याचं काम कोल्हापूर महापालिका, जिल्हा परिषद आणि शिवाजी विद्यापीठ यांनी एकत्र बसून हाती घ्यावं, आणि ते याच दोन-चार वर्षांत व्हावं.